नऊ बाय सात

१

मी शिवणीत नेहमी इंचभर कापड जास्त सोडते. दुसरे शिंपी अर्धा इंच सोडतात, कंजूष असले तर पाव इंचावर भागवतात. पण शाळेतली पोरं वाढतात, दवाखान्यातल्या नर्सबाया अंगाने भरतात आणि सहा महिन्यांनी तोच कपडा काखोटीला मारून माझ्याच दारात उभ्या राहतात. तेव्हा आत इंच असला की शिवण उसवायची, नवी मारायची, काम झालं. ही सवय वडिलांनी लावली. ते गेले, दुकान माझ्याकडे आलं, सवयही आली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळा घोळ ह्या एका इंचाने केला.

आमचं घर म्हणजे एकापुढे एक मांडलेल्या चार आगपेट्या. रुंदी जेमतेम नऊ फूट. पुढे दुकान, मग मधली खोली, मग ताईची खोली, मग स्वयंपाकघर आणि मागे परस. खोल्यांना आतून एकमेकींत दारं नाहीत. चारही दारं बाजूच्या बोळात उघडतात. पावसात भाजीचं पातेलं घेऊन मधल्या खोलीत यायचं तर एका हातात छत्री लागते.

ताई माझी मोठी बहीण. तिला उजेड-अंधार कळतो, बाकी सगळं धुकं. पण काज-बटणाला तिच्या हाताला तोड नाही, ती बोटांनी बघते. तिला सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून आम्ही एक युक्ती काढली आहे. रोज सकाळी मी रिळाच्या एकाच दोऱ्यात डझनभर सुया ओळीने ओवून ठेवते. ताई पहिली सुई धरून हातभर दोरा ओढते, कापते आणि कामाला लागते. उरलेल्या अकरा सुया दोऱ्यावरच थांबतात. संध्याकाळी बाराच्या बारा सुया टाचण्यांच्या उशीला टोचून मला परत देते. चाळीस वर्षांत आम्ही दोघींनी फार काही कमावलं नाही, पण हे घर आमचं आहे आणि त्यात आमची घडी बसली आहे.

त्या वर्षी एकच कुरबुर होती. परसातली कपडे वाळत घालायची दोरी सारखी सैल पडत होती. एक टोक मागच्या भिंतीच्या खिळ्याला, दुसरं परसातल्या लोखंडी खांबाला. तीन महिन्यांत मी ती चार वेळा आखडून बांधली.

२

नोटीस आली तेव्हा आमच्या गल्लीतली अकराही घरं हादरली. जमीन सरकार घेणार, प्रयोजन सार्वजनिक. हे सार्वजनिक प्रयोजन म्हणजे एका कंपनीची गोदामं. आता गोदामात काय सार्वजनिक असतं ते मला कोणी समजावून सांगावं! मी सुनावणीत तोंडावर विचारलं, "तुमच्या गोदामात मी माझी शिलाई मशीन ठेवली तर चालेल का?" साहेब हसले आणि पुढचा कागद उलटला.

आमचे पुढारी म्हणजे पोस्टकाका. तीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झालेले, कागद वाचायची भयंकर हौस. वकीलबाई मात्र पोरसवदा, पण जिभेला धार. सात महिने आम्ही खेटे घालत होतो आणि हाती भोपळा होता. माणूस रडून रडून किती रडेल, मी तर मनातल्या मनात सामानाच्या पेट्याही बांधल्या होत्या.

आणि एका सकाळी मोजणीच्या पंचनाम्याची नक्कल हातात पडली. मी काउंटरवर पसरून वाचायला घेतली. आमच्या घराचं पान आलं. खोल्या: पाच.

मी पुन्हा मोजल्या. एक, दुकान. दोन, आमची मधली खोली. चार, ताईची. पाच, स्वयंपाकघर. आणि मध्येच तीन नंबरला लिहिलेलं: "नऊ फूट बाय सात फूट. दार एक. खिडकी एक, आतील बाजूस. वापर: राहता."

मी कात्री टाकून बोळात धावले. "ताई! सापडली! सरकारची चूक सापडली!"

खोटं सांगत नाही, मी नाचायचीच बाकी होते. अकरा घरांची मोजणी एकाच पंचनाम्यात झाली होती. त्यात नसलेली खोली घुसडली असेल तर अख्खी मोजणीच खोटी! पोस्टकाकांनी पान वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं आणि मला टाळी दिली. वकीलबाई फोनवर इतक्या जोरात ओरडल्या की मी फोन कानापासून लांब धरला.

"आतल्या बाजूस खिडकी!" त्या हसत होत्या. "मावशी, हे लोक घरी बसून मोजणी करतात, दुसरं काय!"

पण ते घरी बसले नव्हते. मोजायला माणसं आली होती. मी त्या दुपारी दवाखान्यात कपडे पोचवायला गेले होते, ताई एकटी होती. मी तिला विचारलं, "किती जण होते गं?"

"एक," ताई म्हणाली. सुई थांबली नाही.

"इथे तर दोघांच्या सह्या आहेत."

"आला एकच. चपलांचा. बोळातून मोजत मोजत गेला. पाणी प्यायला. जाताना दोघे गेले. दुसऱ्याच्या पायात बूट होते, उजवा करकरत होता."

"दुसरा मागाहून आला असेल."

"आला असता तर माझ्या दारावरून आला असता ना," ताई म्हणाली. "मी दारातच बसले होते."

मी सोडून दिलं. बिचारीला दिसत नाही, दुपारचा डोळा लागला असेल. वाघ मारल्याच्या आनंदात होते मी, असल्या करकरीकडे कोण लक्ष देतो?

३

वकीलबाईंनी सांगितलं होतं, "तुमचं माप तुम्हीच काढून ठेवा. शिंपी आहात, तुमचा टेप कोण खोटा पाडणार!" मला ते फार आवडलं. माप चुकलं म्हणून आजवर कोणी माझा कपडा परत आणलेला नाही.

रविवारी दुकान बंद ठेवून मी कंबर कसली. खोल्यांची आतून लांबी घेतली. दुकान दहा फूट, बाकीच्या तीन आठ-आठ. झाले चौतीस. भिंती पाच, सगळ्या मिळून दोन फूट. एकूण छत्तीस. वडिलांच्या खरेदीखतातही छत्तीसच. खूश होऊन मी बोळात गेले आणि गंमत म्हणून बाहेरूनही मोजायला घेतलं.

त्रेचाळीस आले.

माझा टेप जुना आहे. कापडी टेप ओढून ओढून ताणतो, हे शिंप्याला सांगावं लागत नाही. पण ताणलेला टेप माप कमी दाखवतो, जास्त नाही. आणि आतून-बाहेरून टेप तोच. मी नवा टेप फोडला. आत छत्तीसाचा हिशेब तंतोतंत बसला, बाहेर पुन्हा त्रेचाळीस. मग पोस्टकाकांचा लोखंडी टेप मागून आणला. काका मदतीला येतो म्हणाले, मी नको म्हटलं. का नको म्हटलं ते मला तेव्हाही कळत होतं.

जास्तीचे सात फूट कुठे आहेत, ते शोधायला वेळ लागला नाही. मधल्या खोलीचं दार आणि ताईचं दार, ह्यांच्यामध्ये बोळाची कोरी भिंत जास्त लांब होती. चुना तोच, ओलीचे डाग तेच, पोपडे तसेच. नवी असती तर नवी दिसली असती. मी वळून बघितलं, वाकून बघितलं, हाताने ठोकलं. पहिल्यांदा भरीव वाजलं. दुसऱ्यांदा वाजलं ते मी ठोकायच्या आधी.

मी हात मागे घेतला. भिंती तापतात, आकसतात, वाजतात. सगळ्यांच्या घरी वाजतात.

ताई दारात येऊन उभी होती. "तूही मोजतेस का?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"मधल्या खोलीच्या दारापासून माझ्या दारापर्यंत पाच पावलं होती. लहानपणापासून पाच. हल्ली नऊ लागतात. मला वाटलं, म्हातारपणी पाय आखूड पडायला लागले." आणि ती खुदकन हसली.

मला हसू आलं नाही. कोटाचं अस्तर वरच्या कापडापेक्षा थोडं कमी असतं, त्या दोघांमध्ये चोरखिसा बसतो. बाहेरून दिसत नाही, आतून दिसत नाही, हात घालणाऱ्यालाच कळतो. मी असले शेकडो खिसे शिवले आहेत. ती भिंत बघताना मला तेच आठवत होतं.

त्रेचाळीसचा कागद मी मशीनच्या खणात, तुटक्या सुयांच्या डबीखाली घातला. वकीलबाईंना फक्त आतली मापं दिली. सात महिन्यांनी पहिल्यांदा जिंकायची वेळ आली होती. एवढ्याशा सात फुटांसाठी मी अकरा घरं घालवू? छे!

४

प्रतिज्ञापत्रावर सह्या करायच्या दिवशी वकीलबाईंच्या टीचभर ऑफिसात आम्ही अकरा घरची माणसं कोंबून बसलो होतो. लग्नघरासारखा कलकलाट. टायपिस्ट वाचून दाखवत होता: सदर तीन नंबरची खोली अस्तित्वात नाही, आमच्या मालकीच्या घरात अशी खोली कधीही नव्हती. पोस्टकाका प्रत्येक ओळीला मान डोलवत होते.

"एवढं पुरे," वकीलबाई म्हणाल्या. "करा सह्या."

"थांबा हो," मी म्हटलं. माझ्या अंगात वारं शिरलं होतं. "उद्या म्हणतील, खोली आहे आणि आत तुमचं सामान आहे. म्हणतील, आत तुमचं माणूस राहतं. राहता म्हणून लिहिलंच आहे त्यांनी. तेही कापून टाका."

"मावशी, इतकं लिहायची गरज नाही."

"असू द्या. मी शिवणीत नेहमी इंचभर जास्तच सोडते."

सगळे हसले. टायपिस्टने माझ्याकडे बघत टाइप केलं आणि तो सातवा परिच्छेद झाला: "सदर खोली, तिच्यातील वस्तू आणि तिच्यात राहणारी कोणतीही व्यक्ती, यांच्याशी आमचा कसलाही संबंध नाही, पुढेही राहणार नाही." मी सगळ्यांत आधी सही केली. चांगली ठळक, पूर्ण नावाची.

घरी आले तर ताईने विचारलं, "गेलीच नाहीस वाटतं?"

"आत्ता तर आले!"

"मग दुपारभर मशीन कोण चालवत होतं?" ताईने काज संपवून दाताने दोरा तोडला. "मी म्हटलं, आज हिचा हात छान लागलाय. टाका कसा एकसारखा पडत होता. तू घाईत असलीस की तुझं पायडल धावतं, तसं नव्हतं. शांतपणे शिवत होतं कोणीतरी."

दुकानाला माझंच कुलूप होतं, किल्ली माझ्याच पिशवीत. मशीनवरची खोळ मी सकाळी घातली होती तशी होती.

"शेजारचं असेल," मी म्हणाले.

"शेजारी कोणाकडे आहे मशीन?" ताई म्हणाली. खरंच होतं, गल्लीत माझ्याशिवाय कोणाकडेच नव्हतं.

रात्री झोपताना मी तिचा पलंग त्या भिंतीपासून ओढून खिडकीशी लावला. तिने कारण विचारलं, तर मी उकाडा म्हटलं. सकाळी ती म्हणाली, "पलंग होता तिथे ठेव गं. करमत नाही. तिकडून सोबत असते."

मी पलंग खिडकीशीच राहू दिला. माझा धीर खचत होता हे कबूल करते. पण वकीलबाईंचा रोज फोन यायचा, रोज नवी खुशखबर असायची. कंपनीचा वकील गडबडला, साहेबांनी मोजणीदाराला झापलं, पाहणीचा आदेश निघाला! दुकानात लोक कपडे टाकायला यायचे आणि तासभर खटल्याची गोष्ट ऐकून जायचे. मीही तिखटमीठ लावून सांगायचे. भीती वाटायला मला फुरसत नव्हती, असंच म्हणा ना.

५

पाहणीच्या दिवशी मी पहाटे उठून दवाखान्यासाठी शिवलेल्या चाळीस चादरी धुतल्या आणि बोळात ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत आडव्यातिडव्या वाळत घातल्या. बोळात चालायचं तर चादरी बाजूला सारत जायला लागत होतं. भिंत कुठे सुरू होते आणि कुठे संपते, कोणाच्या बापाला कळलं नसतं. मी हे मुद्दाम केलं. ताईपासून लपवलं नाही, बाकी सगळ्यांपासून लपवलं.

पाहणी अधिकारी सज्जन गृहस्थ होते. सोबत कारकून आणि कंपनीचा माणूस. अधिकाऱ्यांनी एकेक खोली आतून मोजून घेतली. "चार," ते म्हणाले. "चारच आहेत." कारकुनाने लिहून घेतलं. चादरींच्या पलीकडून पोस्टकाकांनी मला डोळा मारला.

कंपनीचा माणूस मागून येत होता. तिशीचा असेल, पांढरा शर्ट, नीट भांग. मी सवयीने त्याचा शर्ट बघितला. शिलाई सफाईदार होती, टाक्याला टाका जुळलेला, पण काजं हाताने केलेली होती. आजकाल आमच्या ताईशिवाय हाताने काज कोण करतं? कापड नवं आणि पद्धत वडिलांच्या काळातली. तो चादरी न सारता त्यांच्यामधून सरळ चालत गेला आणि कोऱ्या भिंतीशी थांबला. तिच्यावर तळहात ठेवला. झोपलेल्या मुलाच्या पाठीवर ठेवावा तितका हळू.

"खोली नाही म्हणता तुम्ही," तो म्हणाला.

"नाहीच आहे," मी म्हणाले.

"आणि आतलं कोणीही तुमचं नाही."

"लिहूनच दिलंय की. वाचता येतं ना?"

"हो," तो म्हणाला. "परिच्छेद सात. फार बरं झालं तुम्ही तो घातलात."

ते सगळे निघाले. ताई आपल्या दारात सुई धरून बसली होती. तो तिच्यासमोरून गेला तेव्हा तिची मान वळली, आणि मग तो वळून कोपऱ्याशी जाईपर्यंत मान वळतच राहिली. त्याचा उजवा बूट करकरत होता.

"हाच तो," ताई म्हणाली. "जाताना होता. येताना नव्हता."

मी तिच्याजवळ उंबऱ्यावर बसले, तिचा हात धरला. तो थंड नव्हता, घाबरलेला नव्हता.

"ताई, निकाल लागेपर्यंत तू पोस्टकाकांकडे राहतेस का?"

"वेडी का काय! हातातली वीस शर्टांची काजं कोण करणार?" ती म्हणाली. "आणि तू जिंकणार आहेस ना? मग आपल्या घरात आपण राहायचं. त्याच्यासाठीच भांडतेयस की."

खरं तर मी तिच्यासाठीच भांडत होते. दुसऱ्या घरात तिला पहिल्यापासून पावलं मोजायला लागली असती. ह्या वयात तिने नवं घर कसं पाठ केलं असतं?

६

आणि आम्ही जिंकलो!

काय सांगू तुम्हाला त्या सकाळचं. निकाल वाचताना वकीलबाईंचा हात माझ्या हातात होता आणि आम्ही एकमेकींची बोटं मोडायच्या बेतात होतो. मोजणी अविश्वसनीय. पंचनामा सदोष. अकराही घरांचं संपादन रद्द! कोर्टाच्या व्हरांड्यात पोस्टकाका लहान मुलासारखे रडले. कोणीतरी पेढ्यांचा पुडा फोडला, कोणीतरी माझ्या पाया पडलं. मी रडत होते की हसत होते, मला आठवत नाही.

"मावशी, शेवटचा परिच्छेद तर ऐका," वकीलबाई हसून हसून लाल झाल्या होत्या. "मालक म्हणतात तीन नंबरची खोली त्यांची नाही, त्यावर दुसऱ्या कोणाचाही दावा नाही. सबब तेवढी खोली संपादनात कायम. कंपनीने आजच तिचा ताबा घ्यावा! कागदावरच्या खोलीचा कागदावरचा ताबा. घेऊ दे बापड्यांना!"

सगळे खो खो हसले. मीही हसले. एवढ्या सगळ्या हसण्यात आपलं एकटीचं तोंड बंद ठेवणं फार अवघड असतं.

मी ताईला फोन लावला. "ताई, जिंकलो! सगळी घरं सुटली! ऐकतेस ना?"

"जिंकलो ना? मला वाटलंच." तिच्या आवाजात हसू होतं. "अगं, इथे माणसं आलीत. खोली घ्यायला."

"एवढ्यात?"

"तो बुटांचा आहे. कागद वाचून दाखवतोय. विचारतोय, आत जे कोणी असेल त्याच्यावर घरच्यांचा हक्क आहे का, ते एकदा तोंडी सांगा. मी म्हटलं, मला कोर्टातलं कळत नाही, बहिणीला विचारा. थांब, फोन त्याच्याकडे धरते."

आजूबाजूला टाळ्या चालल्या होत्या. वकीलबाई मला हाताने खुणावत होत्या, बोला, बोला. पलीकडे कोणीतरी शांतपणे श्वास घेत होतं. आणि मी, चेव चढलेली मी, अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "त्या खोलीतलं काहीही आमचं नाही! आत असेल ते घेऊन जा!"

व्हरांड्यात शिट्ट्या वाजल्या.

"बरं," पलीकडून तो म्हणाला. मग बूट करकरला. मग जरा लांबून ताईचा आवाज आला, बोळातून चालताना ती नेहमी मोजते तसा. "एक. दोन. तीन. चार." थोडं थांबून "पाच." आणि फोन बंद झाला.

मधल्या खोलीचं दार हल्ली नऊ पावलांवर, तिच्या दारापासून पाच पावलांवर दार नाही. तिथे भिंत आहे.

७

मी कशी धावत आले ते मला ठाऊक नाही. बोळ रिकामा होता. परसात दोरी तुटून पडली होती, खिळ्याला तिचं टोक तेवढं लोंबत होतं. मी ती चार वेळा आखडून बांधली होती, घर पुन्हा आखूड झाल्यावर तिला ताण सोसवला नसणार. मी टेप काढला. दोनदा मोजलं. बोळातून घर छत्तीस फूट होतं. मधल्या खोलीच्या दारापासून ताईच्या दारापर्यंत पाच पावलं.

तिच्या खोलीत कोणी नव्हतं. पलंग पुन्हा भिंतीला लागलेला होता. अर्धवट काज केलेला शर्ट, उशीवर एक कागद. ताबापावती. "खोली एक, नऊ बाय सात. वापर: राहता. आतील व्यक्तीशी मालकांचा संबंध: नाही. पहा परिच्छेद सात." खाली माझ्या सहीसाठी रेघ.

आणि जमिनीवर रीळ गरगरत होतं.

मी आधी ते बघितलंच नव्हतं. रिळाचा दोरा सरळ भिंतीकडे गेला होता. भिंत आणि फरशी मिळतात तिथे एक फट आहे, सुई जाईल एवढीच. दोऱ्यावर सकाळी मी ओवलेल्या सुया होत्या. त्यातली पहिली फटीशी गेली, क्षणभर अडली आणि आत सरकली. दोरा हातभर ओढला गेला. थांबला. मग सैल पडला, कोणीतरी आत कापल्यासारखा. थोड्या वेळाने पुन्हा ओढ.

मी फटीला डोळा लावला. आत उजेड होता. दुपारचा, खिडकीतून येतो तसा. एक हात दिसला, ताईचा, बोटाला अंगुस्तानाची टोपी, पांढरं कापड धरलेला. त्याच्या शेजारी दुसरा हात होता. आणि त्याच्या शेजारी आणखी. मग कोणीतरी फटीपाशी येऊन बसलं आणि उजेड गेला.

८

वकीलबाई आता माझा फोन पटकन उचलत नाहीत. पोलीस दोनदा येऊन गेले, भिंत फोडली, पलीकडे मधली खोली निघाली. भिंत पुन्हा बांधून दिली. पोस्टकाका रोज चहा घेऊन येतात आणि माझ्याकडे बघवत नाही म्हणून दाराशीच ठेवून जातात.

पण मी हरलेली नाही हो! मी दुसरा वकील केला आहे. नवा अर्ज टाकला आहे. ती खोली आहे, माझ्याच घरात आहे, तिच्यातलं माणूस माझं आहे. त्रेचाळीसचा कागद खणातून काढून सोबत जोडला आहे. समोरचा वकील उभा राहून सातवा परिच्छेद वाचतो आणि खाली बसतो, दुसरं काही करायची त्याला गरजच पडत नाही. तरी परवा साहेबांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदा! मंगळवारी तारीख आहे. मंगळवारी काहीतरी होणारच, माझं मन सांगतंय. मला रात्री झोप येत नाही, इतका उत्साह आहे अंगात.

ताबापावतीवर मी सही केलेली नाही. करणारही नाही. जोवर सही नाही, तोवर दोरा चालू आहे, असं मला वाटतं.

सकाळी उठले की पहिलं काम तेच. रीळ संपत आलं असलं तर नव्याचं टोक जुन्याला बांधते, गाठ अगदी बारीक मारते, फटीत अडकू नये म्हणून. आणि सुया ओवत बसते. ताई होती तेव्हा डझनभर सुयांत दिवस जायचा आणि संध्याकाळी बाराच्या बारा परत मिळायच्या. आता एकही परत येत नाही, आणि दुपारपर्यंत चार डझन आत जातात.